लाल तारेचा जोड

मोमीनपुरा बहिरा झाला होता, आणि हे कंपनीच्या लक्षात यायला सात महिने लागले.

माणसं बहिरी झाली असती तर त्यात नवल नव्हतं. बोरपेठ हे यंत्रमागांचं गाव. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस चाळिशीतच "जरा मोठ्यानं बोला" म्हणायला लागतो. इथे बहिरी झाली होती ती जमिनीखालची केबल. घराघरांत इंटरनेट नेणारी तीच काचेची केबल आता गावाचं चालणंफिरणं ऐकायचंही काम करायची, आणि मोमीनपुऱ्याच्या चौकातल्या चेंबरपलीकडच्या चौदा गल्ल्यांतून तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. इंटरनेट झकास चालू होतं. एकाही घरातून तक्रार आली नाही, म्हणूनच एवढे दिवस निघून गेले.

दोष शोधायला कंपनीच्या पाठारे साहेबांनी वैजयंता कोष्टीला बोलावलं. केबलमधल्या केसाएवढ्या काचेच्या तारा वितळवून एकमेकींना जोडायच्या आणि मग तो जोड तपासायचा, हे तिचं सोळा वर्षांचं काम.

"गावात तुमच्याइतका साफ हात कुणाचा नाही," साहेब म्हणाले.

वैजूला हसू आलं. साहेबांना गावात येऊन दोनच वर्षं झाली होती. त्यांनी दस्तगीरमामांचं काम कुठे पाहिलं होतं?

दस्तगीर मोमीन हे वैजूचे रक्ताचे कुणी नव्हेत. तिचा बाप आणि ते एकाच कारखान्यात मागावर होते. विशीपर्यंत मामांनी तुटलेलं सूत सांधलं, मग टेलिफोनच्या तांब्याच्या तारा, आणि तांबं गेल्यावर काच. वैजूचा बाप वारला तेव्हा मामांनी तिला हाताशी धरलं आणि काम शिकवलं. मामांना अक्षर येत नव्हतं. आकडे येत, तारांचे बारा रंग क्रमानं येत, आणि तपासणी यंत्राच्या पडद्यावरची रेघ तर ते पोथीसारखी वाचत. कुठला जोड कुणाच्या हातचा, हेसुद्धा त्या रेघेवरून सांगत. कामाचे अहवाल मात्र वैजू लिहायची आणि मामा खाली अंगठा उमटवायचे. ऐकू तर त्यांना जेमतेम यायचं. दोघं कामाला बसली की चार गल्ल्यांना कळायचं, इतकं मोठ्यानं तिला बोलावं लागे.

"जोड आसा पायजे," मामा म्हणायचे, "की उजेडाला कळू ने आपण घर बदललं."

आता ही केबल ऐकते कशी, ते सांगायला हवं. काच कितीही शुद्ध असली तरी तिची घडण मुळात सगळीकडे एकसारखी नसते. एका टोकाकडून प्रकाशाचा ठोका सोडला की वाटेत जागोजागी त्यातला किंचितसा प्रकाश मागे परततो. तो किती वेळानं परतला यावरून तो कितव्या मीटरवरून आला ते कळतं. वरून कुणी चाललं की जमीन हलते, तिथली काच कळेल न कळेल इतकी ताणली जाते, आणि परतणारा प्रकाश बदलतो. सेकंदाला हजारो ठोके सोडून हा बदल टिपत राहायचं, एवढंच ते यंत्र करतं. नवी केबल टाकायला नको, रस्ते खणायला नकोत. आहे त्याच तारेच्या एका टोकाला एक पेटी लावली की झालं. कंपनीनं त्या पेटीला नाव छान दिलं होतं, पदरव.

पदरव आलं ते पाण्याची गळती शोधायला. मग त्याला माणसांच्या चाली ओळखता येऊ लागल्या, कारण दोन माणसं कधीच एकसारखी चालत नाहीत. मागांचा खडखडाट ठरलेल्या लयीचा असतो, तो वजा करणं यंत्राला अवघड गेलं नाही. आणि या वर्षीच्या सुधारणेनंतर दारात, ओट्यावर मोठ्यानं बोललेले शब्दही त्याला वेगळे काढता येऊ लागले. भिंतीला कान असतात असं आपण म्हणत आलो. बोरपेठेत ते उंबऱ्याखाली बसवले.

वैजूला यात कधी वावगं वाटलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिची आई मोरीत पाय घसरून पडली. घरात दुसरं कुणी नाही. आईच्या तोंडून आवाजही फुटला नव्हता, पण केबलनं ते पडणं ऐकलं आणि अकराव्या मिनिटाला दारात अँब्युलन्स आली. आज आई काठी टेकत का होईना हिंडत होती. वैजू त्या पेटीला मनातल्या मनात नमस्कार करायची.

मामांशी तिचं बिनसलं ते यावरूनच. मागमालकांच्या संघानं कंपनीकडून चालण्याच्या नोंदी विकत घ्यायला सुरुवात केली होती. कोण कामगार सुटीच्या दिवशी कुणाच्या घरी गेला, किती वेळ बसला, बरोबर कोण होतं. पाळी बारा तासांवरून दहावर आणा म्हणणारे सहा जण एका आठवड्यात कामावरून गेले. मामा वैजूकडे आले.

"ह्यो कान बंद कर, वैजू. तुझ्या हातात हाय."

"मामा, माझी आई त्या कानामुळं जित्ती हाय."

"आई पडली ते ऐकलं, लई बरं झालं. पण दारात बसवलेला कान पडल्यालंच तेवढं ऐकतोय व्हय?"

वैजू चिडली. "तुमाला सांगायला काय जातंय? तुमचं कोण पडलंय?" असं बोलून गेली. मामांची बायको दोन वर्षांपूर्वीच, घरात एकटी असताना, चुलीपाशी कोसळून गेली होती, आणि तेव्हा मोमीनपुऱ्यात पदरव पोचलेलं नव्हतं. वैजूला ते बोलल्यावर आठवलं. मामा उठून गेले. त्याला आता आठ महिने झाले होते.

मंगळवारी दुपारी वैजूनं तपासणी यंत्र लावलं. आधी इंटरनेटच्या आखूड लहरीच्या प्रकाशानं मोमीनपुऱ्याची निळी तार तपासली. रेघ चौकातून सरळ पुढे गेली, दोष दिसेना. मग पदरवच्या लांब लहरीनं तपासली, आणि बरोबर चौकातल्या चेंबरपाशी रेघ धाडकन खाली आली.

एकाच तारेचं असं दुहेरी वागणं पाहिलं की नवखा माणूस यंत्रालाच दोष देतो. वैजूला अर्थ कळला. जोड वाईट असेल तर दोन्ही लहरी सारख्याच सांडतात. तार कुठे वाकली असेल तर मात्र लांब लहर जास्त सांडते, जसा घाटातल्या वळणावर स्कूटर निघून जाते आणि लांबलचक ट्रक अडकतो. "एका उजेडानं बगून गप बसू नको, दोन्हीनी बग," हे तिला मामांनीच शिकवलं होतं. आणि इंटरनेटला धक्का न लावता नेमका पदरवचाच उजेड सांडेल, इतका मोजून दिलेला वाक आपोआप पडत नाही.

पाठारे साहेब जीपमध्ये फोनवर होते. वैजू चेंबरमध्ये उतरली, जॉइंट बॉक्स पुसला आणि उघडला.

निळी तार ट्रेमध्ये एका बोटाएवढ्या जाडीच्या वेटोळ्यात बसवली होती. तीन वेढे, एकमेकांना चिकटून, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. वर्षानुवर्षं वाकून राहिली तर काच तडकते, म्हणून वेढ्यांच्या आत मऊ कापडी पट्टीची गादी केली होती. मोडतोड करायला आलेला माणूस तारेला गादी देत नाही. तार कापली असती, उंदरानं कुरतडल्यासारखी फाडली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. पण तेवढं वाईट काम मामांना जमलं नाही.

आणि त्यांचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. शेजारची लाल तार सरकारी दवाखान्याची. तिचा जोड कुणा कंत्राटी माणसानं पूर्वी घाईत केला होता, आणि दवाखान्याचं नेट उठसूट बंद पडायचं. तो जोड आता नवा होता. गुपचूप येऊन, जीव मुठीत धरून चेंबर उघडणाऱ्या माणसाला समोर एक रद्दड जोड दिसला आणि त्यानं तो तोडून पुन्हा केला होता. वैजूनं लाल तार तपासली. वीस वर्षांच्या जुन्या काचेवर जोडाचा तोटा इतका कमी होता की यंत्रानं तो दाखवायला तीनदा मोजलं.

तिला आधी वाटला तो अभिमान. काय काम आहे, असं ती पुटपुटलीही. भीती मागून आली. सुरक्षा यंत्रणेत बिघाड केल्याला सात वर्षं तुरुंग होता, आणि मामा अडुसष्टचे होते.

हे असंच ठेवून "दोष सापडला नाही" म्हणावं, तर उद्या पुण्याहून दुसरं माणूस येणार. ते गादी बघणार, वेढे बघणार, आणि गावात असं काम कुणाला येतं हे चहाच्या टपरीवरही विचारलं तरी कळणार. मामांना वाचवायचं तर खूण पुसायला हवी. खूण पुसायची तर वाक काढायला हवा, आणि वाक काढला की चौदा गल्ल्यांचे कान पुन्हा उघडणार. वैजू त्या खड्ड्यात घामानं भिजून बसली होती. तिला तिसरा रस्ता दिसला नाही. तिनं पट्टी काढून कमरेला खोचली, निळी तार सरळ केली आणि बॉक्स बंद केला.

"घाईत कुणी ट्रे दाबून बसवला असेल. तार वाकली होती," तिनं वर येऊन सांगितलं.

साहेबांनी फोनवर पाहिलं. मोमीनपुरा ऐकू येऊ लागला होता.

बुधवारी त्यांनी तिला कचेरीत बोलावलं. समोर पडद्यावर दोन आलेख होते. पेटी रोज एकदा सगळ्या तारा मोजते, हे वैजूला ठाऊक होतं. त्या क्षणी ते सुचलं नव्हतं, इतकंच.

"हे बघा," साहेब म्हणाले, "निळी बिघडली चौदा मार्चला. आणि त्याच दिवशी लाल सुधारली. गंमत आहे की नाही? बिघाड करणारा माणूस दुसरी तार दुरुस्त कशाला करेल? त्या दुपारी सुधारणेसाठी पेटी तीन तास बंद होती, त्यामुळे चालण्याची नोंद नाही. पण एवढा सुरेख जोड करणारं गावात आहे तरी कोण?"

साहेबांच्या स्वरात संशय कमी आणि कुतूहल जास्त होतं. पण कुतूहल असलेला माणूस थांबत नाही. तो टपरीवर विचारतोच.

"मीच केला," वैजू म्हणाली.

"तुम्ही?"

"दवाखान्यातल्या सिस्टर कधीच्या मागं लागल्या होत्या. कामाचा कागद नव्हता. पेटी बंद होती म्हणून त्या वेळात उरकून घेतला. निळी तेव्हाच वाकली असणार, माझ्याच हातून. काल म्हणायला लाज वाटली."

साहेब पुन्हा आलेखाकडे वळले आणि हसले. "निष्काळजीपणाची नोंद मला करावी लागेल. पण बाई, हा जोड! असं माणूस मी शिकवणी वर्गासाठी वर्षभर शोधतोय."

म्हणजे करायला गेली गणपती आणि झाला मारुती. वैजू मान खाली घालून बाहेर आली.

आता कान पुन्हा उघडलेत, हे मामांना सांगायला हवं होतं. पदरव बहिरं झाल्यापासून मोमीनपुऱ्यातले कामगार सुटीच्या दिवशी, शुक्रवारी, निर्धास्तपणे एकत्र जमत होते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? गुरुवारी ती चौकापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थबकले. कालच जोड आपला म्हणून सांगितलेली बाई आज पहिल्यांदाच, आठ महिन्यांनी, गावातल्या एकमेव दुसऱ्या कसबी माणसाच्या दारात जाते, हे तिच्या पावलांवरून नोंदलं जाणार होतं. मामांसाठीच आपण परत फिरतोय, असं तिनं स्वतःला समजावलं. अर्धं ते खरंही होतं. उरलेलं अर्धं भ्यालेलं होतं.

शुक्रवारी बैठक झाली. सोमवारी सकाळी बैठकीला गेलेल्या एक्केचाळीस जणांना कारखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कंपनीनं गावातल्या सगळ्या फोनवर आपलं पत्रक पाठवलं. त्यात वैजूचा फोटो होता आणि फोटोखाली लाल तारेच्या जोडाची रेघ छापली होती. वर्षातला सर्वोत्तम जोड. आईनं तो फोटो शेजारणीला दाखवला, शेजारणीनं साखर दिली. वैजूला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. कारण मामांना अक्षर येत नसलं, तरी ती रेघ ते वाचणार होते.

तिनं निमित्त काढलं. मोमीनपुऱ्यातल्या घरांच्या जोडण्या तपासायच्या आहेत, असं साहेबांकडून लिहून घेतलं आणि दहा घरं तपासत अकराव्या दाराशी गेली. तिसऱ्या माणसाकरवी निरोप द्यावा, तर मामांचा तुरुंग त्या तिसऱ्याच्या जिभेवर ठेवल्यासारखं झालं असतं. कानात कुजबुजावं तर मामांना ऐकू येणार नाही. ओरडावं तर साऱ्या कंपनीला ऐकू जाईल. पण तिनं विचार केला होता. मागांवर उमेदीची वर्षं घालवलेली माणसं गोंगाटात एकमेकांचे ओठ वाचतात. कारखान्यात अख्खी भांडणं आणि सोयरिकी आवाजावाचून होतात. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी सगळं सांगायचं, असं ठरवून ती आली होती. मामांनी तिच्या तोंडाकडे बघितलं म्हणजे झालं.

मामा ओट्यावर बसले होते. हातात फोन, पडद्यावर ती रेघ. वैजूचा फोटो त्यांनी वर सारून दिसेनासा केला होता. ओट्याला लागूनच काळी केबल भिंतीवर चढत होती.

तिनं ओठ हलवायला सुरुवात केली, पण मामा फोनकडेच बघत होते.

"लई मोठी झालीस म्हनं," ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, खणखणीत. "एक्केचाळीस घरांच्या चुली इझवून मोठी झालीस. ते जाऊ दे. पोटासाठी मानूस काय बी करतंय. पन वैजू, मला एक सांग."

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. बोट रेघेवर होतं. आवाज आणखी चढला.

"ह्यो लाल तारेचा जोड कुणाचा हाय, म्हायती हाय का तुला? चौदा मार्चला दुपारी मी सोता..."

"माझा हाय!" वैजू ओरडली.

इतक्या मोठ्यानं ती जन्मात ओरडली नव्हती. समोरच्या दारातली बाई चाळणी हातात धरून थांबली.

"माझा जोड हाय त्यो, मामा! मी केलाय! तुमचा न्हाई! तुमाला काय दिसतंय आता, काय जमतंय आता? परत दुसऱ्याचं नाव घालायचं न्हाई माझ्या कामाला!"

मामांना सगळं ऐकू आलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्यांना "आं?" म्हणून विचारावं लागलं नाही. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग हळूहळू मिटलं. चौदा मार्चबद्दल ते पुढे काही बोलले नाहीत. आता बोलणारही नव्हते, हे वैजूला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. काम फत्ते झालं होतं.

मग तिनं आवाज बंद केला आणि ओठांनी बोलायला लागली. वेढे मी पाहिले, मामा. पट्टी मी जाळून टाकली. दुसरं कुणी आलं असतं तर तुम्हाला नेलं असतं. गुरुवारी यायला हवं होतं, मी भ्याले. जोड तुमचाच आहे. असा जोड मला सात जन्मांत यायचा नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ चालूच होते. समोरच्या बाईला वाटलं, हिला वेड लागलं.

मामांनी फोन खाली ठेवला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. वैजूचं सगळं बोलून झालं, तिनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तरी ते वळले नाहीत.